शेवटचे टेबल नव्हे, सारा प्रवास विचारा



"तुमचे काम प्रोसेसमध्ये आहे." कचेरीच्या खिडकीवर हे वाक्य ऐकले नाही असे घर आपल्या वस्त्यांत शोधून सापडणार नाही. दाखला असो, नळजोडणी असो, नाहीतर तुंबलेल्या गटाराची तक्रार असो, उत्तर एकच. पूर्वी हे उत्तर कारकून देत असे, आता पुष्कळ ठिकाणी तेच संगणकाचा पडदा देतो. हेलपाटा वाचतो हे खरे, पण मनाची तगमग काही जात नाही. काम प्रोसेसमध्ये आहे म्हणजे नक्की कोठे आहे? कधीपासून आहे? कोणाकडे आहे?

या आठवड्यात आम्ही या प्रोसेसच्या आत डोकावणार आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे, पण तो आपल्या दारातला आहे. आपली माणसे या खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी असतात. एक बाजू तक्रार करणाऱ्याची आणि दुसरी बाजू झाडू, फावडे किंवा पाना घेऊन ते काम प्रत्यक्ष करणाऱ्याची. शिवाय आपली शिकलेली मुले-मुली आता या प्रणाली लिहिण्याच्या कामावरही जाऊ लागली आहेत. तिघांनाही उपयोगी पडेल असे काही सांगावे, हा आमचा हेतू आहे.

आवक-जावक वहीचा नवा अवतार

जुन्या कचेरीत फाईल आली की आवक वहीत नोंद होई. मग ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई, प्रत्येक जण शेरा मारी, आणि शेवटी जावक वहीत तिची नोंद होई. कोणत्या कामाची फाईल कोणत्या टेबलांवरून जायची याचा रस्ता ठरलेला असे. संगणकाच्या भाषेत या ठरलेल्या रस्त्याला 'वर्कफ्लो' म्हणतात. रस्ता एकच, पण त्यावरून रोज शेकडो फायली जातात. त्यांतली प्रत्येक फाईल म्हणजे एक 'प्रोसेस इन्स्टन्स'. आपण त्याला सरळ 'प्रकरण' म्हणू.

आता या प्रकरणाची चौकशी कशी करायची? माणूस खिडकीवर जाऊन विचारतो. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला विचारायचे झाले तर त्यासाठीही खिडकी लागते. तिला 'एपीआय' म्हणतात. या खिडकीतून ठरलेल्या नमुन्यात प्रश्न टाकला की ठरलेल्या नमुन्यात उत्तर येते. आपल्या मोबाईलवर अर्जाची स्थिती दिसते, ती अशाच एका खिडकीतून आलेली असते.

ही कल्पना कालपरवाची नाही. १९९३ साली 'वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअलिशन' ही संस्था निघाली आणि १९९५ साली तिने अशा प्रणालींचा एक आदर्श आराखडा प्रसिद्ध केला. त्या आराखड्यात प्रणालीला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पाच खिडक्या सांगितल्या होत्या. पाचवी खिडकी प्रशासन आणि देखरेखीची होती. म्हणजे काम कोठवर आले हे विचारता आले पाहिजे, ही गरज तेव्हाच मान्य झाली होती.

एका तक्रारीचे उदाहरण

समजायला सोपे जावे म्हणून आपल्याच देशातील एक प्रणाली घेऊ. नंदन निलेकणी आणि श्रीकांत नाधमुनी यांनी २००३ साली बंगळुरात 'ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन' ही संस्था काढली. तिने नगरपालिकांच्या कामासाठी 'डिजिट' नावाची प्रणाली तयार केली. पंजाबातील नगरपालिकांची 'एमसेवा' या प्रणालीवर उभी राहिली. तिचा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे कोणत्याही विद्यार्थ्याला तो उघडून वाचता येतो.

या प्रणालीत नागरिकांच्या तक्रारींचा मूळ रस्ता असा आखलेला आहे. नागरिक तक्रार नोंदवतो. तक्रार आधी वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. ही पहिली पायरी 'पेंडिंग फॉर असाइनमेंट', म्हणजे काम अजून कोणालाही सोपवलेले नाही. अधिकाऱ्याने कर्मचारी नेमला की तक्रार 'पेंडिंग ॲट एलएमई' या पायरीवर येते. एलएमई म्हणजे 'लास्ट माईल एम्प्लॉयी', शेवटच्या टप्प्यावरचा कर्मचारी. आपल्या भाषेत सांगायचे तर गटारापाशी उभा राहणारा माणूस. त्याने काम केले की तक्रार 'रिझॉल्व्हड' होते. काम आपल्या हद्दीतले नसेल, तर तो 'रीअसाइन' करून दुसऱ्याला द्या असे सांगू शकतो. आणि काम न होताच तक्रार मिटवली असे नागरिकाला वाटले तर तो ती पुन्हा उघडू शकतो.

प्रत्येक पायरी बदलली की प्रणाली एक नवी ओळ लिहिते. कोणी, कोणती कृती, कधी केली आणि काय शेरा मारला, हे त्या ओळीत येते. जुनी ओळ पुसली जात नाही. आवक-जावक वहीचे सारे गुण इथे आहेत, फक्त वही उघडून कशी पाहायची ते माहीत हवे.

एका शब्दाचा फरक

प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला मुख्यतः दोन गोष्टी द्याव्या लागतात. एक 'टेनंट आयडी', म्हणजे कोणत्या शहराचे प्रकरण. दुसरा 'बिझनेस आयडी', म्हणजे आपला तक्रार क्रमांक. एवढे दिले की प्रकरणाची आजची स्थिती मिळते. तिसरी एक गोष्ट ऐच्छिक आहे. तिचे नाव 'हिस्टरी'. ती 'ट्रू' ठेवली तर पहिल्या दिवसापासूनचा सारा प्रवास मिळतो. ती दिली नाही, तर फक्त शेवटची पायरी मिळते.

हा एका शब्दाचा फरक एखाद्याच्या पगारावर आणि अब्रूवर येऊ शकतो. कसा ते पाहा.

समजा, ३ तारखेला सोमवारी सकाळी १० वाजता गटार तुंबल्याची तक्रार नोंदली गेली. वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याने ती ८ तारखेला, शनिवारी संध्याकाळी ५ वाजता एका सफाई कामगाराला सोपवली. १० तारखेला, सोमवारी सकाळी ११ वाजता वरिष्ठांनी आढावा घेतला. पडद्यावर फक्त शेवटची पायरी मागवलेली होती. तेथे दिसले : तक्रार ३ तारखेची, स्थिती प्रलंबित, नाव त्या कामगाराचे. सात दिवस होऊन गेले, हा माणूस करतो काय, असा प्रश्न कोणाच्याही तोंडून सहज निघेल. संगणक खोटे बोललेला नाही. पण त्याला अर्धवट विचारले, म्हणून त्याने अर्धवट सांगितले.

आता 'हिस्टरी' मागवा. ओळी तारखेने लावा आणि प्रत्येक पायरीवर गेलेला वेळ काढा. अधिकाऱ्याच्या टेबलावर ५ दिवस ७ तास. कामगाराकडे १ दिवस १८ तास, त्यातही मधे रविवार. तीच तक्रार, तोच संगणक, तीच वही. पण आता नोटीस कोणाला द्यायची याचे उत्तर बदलले.

शेवटची पायरी नेहमी शेवटच्या माणसाचेच नाव दाखवते. वरच्या टेबलांवर गेलेले दिवस तिच्यात दिसत नाहीत. रांगेत शेवटी कोण उभा असतो, हे आम्ही आमच्या वाचकांना सांगायला नको.

दोन घड्याळे

अशा प्रणालीत मुदतीची दोन घड्याळे लावता येतात. एक पूर्ण कामाचे, दुसरे चालू पायरीचे. वरच्याच उदाहरणात पूर्ण कामाला ५ दिवस आणि शेवटच्या पायरीला ३ दिवस अशी मुदत धरा. सोमवारी ११ वाजता पूर्ण कामाचे घड्याळ २ दिवस १ तास उलटून गेलेले असेल. कामगाराच्या पायरीच्या घड्याळात मात्र अजून १ दिवस ६ तास शिल्लक असतील. म्हणजे काम त्याच्या हाती आले तेव्हाच एकूण मुदत संपलेली होती. त्याच्या हातून उशीर झालेलाच नाही.

पडदा बनवणाऱ्याने या दोहोंपैकी फक्त पहिले घड्याळ लाल रंगात दाखवले, तर तो लाल रंग कामगाराच्या नावासमोर दिसतो. म्हणून आमच्या तरुण प्रोग्रामर मित्र-मैत्रिणींना आमचे सांगणे आहे, की दोन्ही घड्याळे मागवा आणि दोन्ही दाखवा.

या घड्याळाचा जीवावर बेतणारा भागही आहे. मुदत संपत आली की "उतर खाली आणि मोकळे कर" असा दबाव येतो. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्यांच्या धोकादायक सफाईलाही मनाई केली आहे. संरक्षक साधने, यंत्रे आणि सुरक्षेची तजवीज न करता माणसाला आत उतरवणे हा गुन्हा आहे. अशा वेळी कामगाराने, त्याला शक्य नसेल तर घरातल्या लिहित्या मुलाने, प्रकरणात शेरा नोंदवून घ्यावा : 'यंत्राची गरज आहे, माणूस उतरवता येणार नाही.' आणि तक्रार परत पाठवावी. तो शेरा तारीख-वेळेसह वहीत राहतो. उद्या कोणी विचारले, तर तोंडी साक्षीपेक्षा तो जास्त कामाला येतो.

विचारताना होणाऱ्या चुका

आता थोडे शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. पालकांनीही वाचायला हरकत नाही.

पहिली चूक मोजणीची. अशा खिडक्या एका वेळी सगळी प्रकरणे देत नाहीत, पानापानाने देतात. 'लिमिट' म्हणजे एका पानावर किती आणि 'ऑफसेट' म्हणजे किती सोडून पुढची. या दोन गोष्टी दिल्या नाहीत, तर प्रणाली आपल्या मनाने ठरावीक संख्या देते. मग प्रोग्रामर ती प्रकरणे मोजतो आणि साहेबाला सांगतो की एवढ्याच तक्रारी बाकी आहेत. बाकीच्या पुढच्या पानांवर पडून राहतात. संख्या हवी असेल तर मोजणीची खिडकी वेगळी असते, तिलाच विचारावे.

दुसरी चूक घड्याळाची. 'डिजिट'मध्ये वेळ मिलिसेकंदांत साठवतात. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले, असा तो हिशोब आहे आणि तो ग्रीनिचच्या वेळेने चालतो. आपली वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे. हे साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर सकाळी साडेनऊला केलेले काम पहाटे चारचे दिसते आणि रात्री दोनला नोंदलेली तक्रार आदल्या दिवशीची दिसते. हजेरी आणि मुदत यांचा वाद लागतो, तेव्हा हा फरक लहान राहत नाही.

तिसरी चूक 'सापडले नाही' याचा चुकीचा अर्थ लावण्याची. 'कॅमुंडा' हे जर्मनीत तयार झालेले वर्कफ्लोचे इंजिन पुष्कळ कंपन्या वापरतात. त्याच्या सातव्या आवृत्तीत चालू प्रकरणे एका कपाटात आणि इतिहास दुसऱ्या कपाटात असतो. प्रकरण संपले की ते चालू कपाटातून निघते. नवशिका चालू कपाटातच शोधतो, उत्तर रिकामे येते, आणि खिडकीवरच्या बाईला सांगितले जाते की तुमचा अर्जच आलेला नाही. अर्ज आलेला असतो, त्याचा निकालही लागलेला असतो. इतिहासाच्या खिडकीत विचारले असते तर तो सापडला असता. म्हणून 'चालू प्रकरणांत नाही' आणि 'मुळात नाही' ही दोन वाक्ये पडद्यावर वेगळी लिहावीत.

चौथी चूक नावापुरत्या निकालाची. तक्रार मिटवली, नागरिकाने ती पुन्हा उघडली, पुन्हा मिटवली. शेवटची पायरी पाहिली तर ती निकाली निघालेल्यांत मोजली जाते. सारा प्रवास पाहिला तर ती एकदा खोटीच मिटवली होती, हे कळते. किती तक्रारी मिटल्या या आकड्याशेजारी किती पुन्हा उघडल्या हा आकडा ठेवला, म्हणजे कामाचे खरे चित्र दिसते.

आणखी एक गोष्ट. प्रकरणाच्या प्रवासाच्या नोंदीत तक्रारीचा पूर्ण मजकूर किंवा पत्ता नसतो. तो तक्रारींच्या वेगळ्या नोंदीत असतो, आणि तक्रार क्रमांक हा दोन्हींना जोडणारा दुवा. म्हणून पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा. रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीतच तीही पावती ठेवा.

आणि ही खिडकी सर्वांना सारखी उघडी नसते, नसावीही. विचारणाऱ्याला ओळखीचा 'टोकन' द्यावा लागतो आणि त्याच्या भूमिकेप्रमाणे उत्तर मिळते. शेजाऱ्याची तक्रार कोणती, कोणी केली, हे कोणालाही कळले तर गरीब माणूस तक्रार करायलाच धजणार नाही. आपल्या प्रकरणाचा सारा प्रवास मात्र आपल्याला दिसला पाहिजे.

आपल्या हातात काय आहे

कोणी म्हणेल, आम्ही काही प्रोग्राम लिहीत नाही. आम्हाला याचा काय उपयोग? उपयोग आहे. संगणकाला जो प्रश्न विचारायचा, तोच कागदावरही विचारता येतो.

महाराष्ट्रात २०१५ सालापासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याप्रमाणे अधिसूचित सेवांसाठी मुदत ठरवलेली असते आणि ती देणारा पदनिर्देशित अधिकारी नेमलेला असतो. अर्जदाराला अर्जाचा क्रमांक मिळण्याचा आणि अर्जाची स्थिती पाहण्याचा हक्क आहे. मुदतीत सेवा मिळाली नाही, किंवा अर्ज विनाकारण फेटाळला, तर अपील करता येते. म्हणून अर्ज देताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : क्रमांक काय, मुदत किती दिवसांची, आणि पदनिर्देशित अधिकारी कोण.

त्यानेही उलगडा झाला नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. बहुतेक जण त्यात लिहितात, "माझ्या अर्जाचे काय झाले ते कळवावे." उत्तर येते, "कार्यवाही सुरू आहे." म्हणजे पुन्हा तीच शेवटची पायरी. त्याऐवजी असे लिहावे :

'माझा अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक. हा अर्ज आजपर्यंत ज्या ज्या अधिकारी-कर्मचाऱ्यांकडे गेला त्यांची पदनामे, प्रत्येकाकडे तो कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला पुढे गेला, आणि प्रत्येकाने नोंदवलेल्या शेऱ्याची प्रत द्यावी.'

नीट पाहिले तर हा 'हिस्टरी ट्रू' असलेलाच प्रश्न आहे. वही कागदाची असो की संगणकाची, तारखा तिच्यात असतात. तारखा मागितल्या म्हणजे मोघम उत्तराला जागा उरत नाही.

जे कामगार आहेत त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. उशिराबद्दल खुलासा मागितला तर घाबरून कबुली लिहून देऊ नये. आधी लेखी मागणी करावी, की या प्रकरणाचा पहिल्या दिवसापासूनचा प्रवास द्या, काम माझ्याकडे केव्हा आले ते दाखवा, मग मी खुलासा करतो. युनियनच्या कार्यकर्त्यांनी तर अशा मागणीचा छापील नमुनाच करून ठेवावा.

आणि ज्या मुलामुलींच्या हाती उद्या हे पडदे बनवण्याचे काम येईल, त्यांना एकच विनंती. तुमच्या पडद्यावर नुसते 'प्रलंबित' लिहून मोकळे होऊ नका. कोणत्या पायरीवर, कोणत्या तारखेपासून, कोणत्या पदाकडे आणि त्याआधी कोणाकडे किती दिवस, एवढ्या चार ओळी दाखवा. माहिती प्रणालीत असतेच, ती मागवायला फार कष्टही पडत नाहीत. त्या चार ओळींमुळे एखाद्या आईची एका दिवसाची मजुरी वाचेल आणि एखाद्या सफाई कामगारावरचा नाहक ठपका टळेल.

या आठवड्यात घरातला एक तरी अडलेला अर्ज बाहेर काढा. त्याचा क्रमांक वहीत उतरवा आणि वर दिलेला मजकूर मुलांकडून स्वच्छ अक्षरांत लिहून घ्या.